‘काळजी घ्या’

एप्रिल २०२० मधील गोष्ट. मुले पळवणारे, किडन्या काढून नेणारे लोक रात्री हिंडत आहेत, अशी वार्ता टाळेबंदीत साऱ्या पालघर जिल्ह्यात मोबाइलवरून फिरत होती. ती मला एका परिचिताकडून आली. मी ती विद्यार्थ्यांच्या व्हॉट्सॲप गटावर पाठवली आणि वर लिहिले, ‘काळजी घ्या.’ मराठीच्या प्राध्यापकाने शुद्धलेखन तेवढे तपासले होते!

याच अफवेने १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाड्यात नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच भिक्षेकऱ्यांचा बळी घेतला होता. त्यावर मी वर्गात पोटतिडकीने बोललोही होतो.

१६ एप्रिलच्या रात्री आमच्याच जिल्ह्यात, गडचिंचले येथे, जमावाने दोन साधूंना आणि त्यांच्या चालकाला ठार मारले. मग त्या हत्येलाच समाजमाध्यमांवर धर्माचा रंग चढला. अटक झालेल्या १०१ जणांची यादी जाहीर करून तीत एकही मुस्लिम नाही, हे गृहमंत्र्यांना सांगावे लागले.

माझा संदेश गडचिंचल्यापर्यंत पोहोचला नसावा, असे मी स्वतःला अनेकदा बजावले आहे.

नोव्हेंबर २०१२ मध्ये याच पालघरात बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतरच्या बंदविषयी फेसबुकवर लिहिणाऱ्या तरुणीला अटक झाली. तिच्या मैत्रिणीने ते केवळ ‘लाइक’ केले होते; तिलाही झाली. त्या मजकुरात कोणाचा द्वेष नव्हता. पण ६६अ कलमात ‘त्रासदायक’, ‘गैरसोयीचे’ असले शब्द होते. ज्याच्या हाती दंडुका, त्याने अर्थ लावावा. मार्च २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते कलम रद्द केले. ते परत यावे, असे मला आजही वाटत नाही.

तरीही मनात येते, की कळ तिनेही दाबली आणि मीही. मला कोणी काही विचारले नाही. २०२१ च्या नियमांनी सरकारला संदेशाचा मूळ प्रेषक हवा आहे. व्हॉट्सॲप त्याविरुद्ध न्यायालयात गेले. तो सापडेलही. पण त्या अनामिकावर कोणाचा विश्वास होता? विश्वास होता तो माझ्यासारख्या मधल्यांवर.

कॉलेज सुरू झाल्यावर खोडाळ्याचा एक विद्यार्थी सहज बोलून गेला, “सर, तुमचा मेसेज बाबांना वाचून दाखवला. सरांनी पाठवलंय म्हणजे खरंच असणार, म्हणाले. काठी घेऊन रोज पहाऱ्याला बसायचे. एका रात्री कसाऱ्याकडून चालत आलेल्या दोघांना धरलं होतं.”

“मारलं?”

“नाही सर. त्यातल्या एकाला कुणीतरी ओळखलं.”