आजीची कणगी

तुमचं मालदांडीचं बियाणं कुठलं, असं बरेच जण फोन करून विचारतात. ते बियाणं आजीचं आहे, म्हणून आज आजीबद्दल लिहितो.

आमचा भाग मंगळवेढ्याचा, काळ्या रानाचा. इथल्या ज्वारीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं. पण त्याच्या कितीतरी आधीपासून घरोघरच्या बाया बी निवडत होत्या. आजी त्यातलीच एक. शाळा तिनं बघितली नव्हती. जात्यावर बसली की ओव्या मात्र स्वतः जुळवायची. त्यात विठोबा यायचा, माहेर यायचं आणि आमच्या रानांची नावंसुद्धा यायची. धाकट्या आत्याला त्यातल्या वीसएक अजून पाठ आहेत. तिची नात आता त्या मोबाईलमध्ये भरून घेते.

दुसरा नाद वाकळा शिवायचा. जुनी लुगडी, धोतरं, फाटके सदरे काहीही चालायचं. माझ्या वाकळेवर पिवळ्या तुकड्यांची कणसं होती. शिवून उरलेल्या चिंध्या ती टाकायची नाही, गाठोडं बांधून ठेवायची. त्या ज्वारीत लागायच्या.

दाणा भरत आला की चिंध्या कमरेला खोचून आजी रानात शिरायची. बांधाकडच्या चार-पाच ओळींना हातच लावायची नाही. तिथं ताटाला जागा जास्त, ऊन जास्त, मग कणीस मोठं होणारच; त्यात बियाचा गुण काय? ती रानाच्या मधोमध जायची. दाटीत उभं राहून, ओल तुटल्यावरही ज्याचं पान हिरवं आहे आणि कणीस टच्च भरलंय, त्या ताटाला चिंधी बांधायची. खडखड्यानं लोळलेलं, काणी आलेलं बाद. काढणीला चिंधीची कणसं आधी वेगळी व्हायची. ती काठीनं हलकं बडवायची, बैलांच्या पायाखाली घालायची नाहीत. बी चांगलं वाळवून, राख आणि वाळलेला लिंबाचा पाला मिसळून कणगीत भरायची आणि कणगी शेणानं लिंपून टाकायची.

मोहोळच्या संशोधन केंद्रात मालदांडीतूनच निवड करून एम ३५-१ हे वाण काढलं, ते आपण सगळे जाणतो. आजीला यातलं काही माहीत नव्हतं, पण काम त्याच जातीचं होतं.

१९७२ चा दुष्काळ पडला तेव्हा मी दोन वर्षांचा. रब्बीची पेर झालीच नाही. आजी आणि आई दोघी दुष्काळी कामावर खडी फोडायला जायच्या. घरात रेशनचा लाल मिलो. त्याची भाकरी थापताना चिरायची आणि पोरं तोंडात धरायची नाहीत. आणि घराच्या कोपऱ्यात दीड-दोन मण मालदांडी लिंपून ठेवलेली. आबांनी एकदा कणगी फोडायची म्हटलं. आजी आडवी झाली. आबा आठ दिवस तिच्याशी बोलले नाहीत. आई तर म्हणाली, "आत्याबाई, आपण दामाजीपंताच्या मुलखातली माणसं. त्यांनी दुष्काळात बादशहाची कोठारं उघडली आन् तुमी घरच्या लेकरास्नी कोंडा करून दीना." आजी म्हणाली, "दामाजीनं खायचं धान्य वाटलं गं, बी न्हवं."

पुढच्या वर्षी पाऊस झाला. पेरणीआधी आजीनं पाच विसा दाणे ओल्या फडक्यात बांधून चुलीजवळ ठेवले. चौथ्या दिवशी मोजले तर चार विसांच्या वर उगवले होते. मग कणगी फोडली. आमची नऊ एकर पेरून उरलं ते शेजारच्या सहा घरांना दिलं. ती म्हणायची, "खायला मागितलं तर न्हाई म्हनीन, पेरायला मागितलं तर पायलीनं दीन." सवाई-दिढी घेतली नाही. जेवढं दिलं तेवढंच परत घेतलं. अट एकच, पुढच्या साली ज्यानं त्यानं आपलं बी आपण निवडायचं.

विठोबावर तिचा फार जीव. आषाढीला पंढरपूरला पायी जायची. कार्तिकीला मात्र ज्वारीत कोळपणी-खुरपणी असली तर थांबायची. म्हणायची, "इठोबा समजून घेतो, तन समजून घेत न्हाई."

आता आमचं चालू काम सांगतो. निवड तिचीच पद्धत. भर एवढीच, की पेरताना किलोला चार ग्रॅम गंधक चोळतो, काणीसाठी. एकरी चार किलो बी धरतो. उगवण शंभर दाणे मोजूनच बघतो. आजीच्या पाच विसा म्हणजे शंभरच की.

आईनं पंचाहत्तरी ओलांडली. आत्याबाई कठोर होत्या, असं ती आजही म्हणते. मिलोला तोंड फिरवून रडणारं लेकरू तिच्या मांडीवर होतं, त्यामुळं मी तिला कधी खोडत नाही. आणि दरवर्षी जुनी साडी फाडून चिंध्या करून देते ती आईच.

ज्यांची ज्वारी हुरड्याच्या पुढं गेली आहे त्यांनी या आठवड्यात रानाच्या मधे जाऊन चिंध्या बांधून घ्या. एकदा काढणी लागली की चांगलं ताट कुठलं होतं ते कळत नाही. पेरायला बी कमी पडलं तर फोन करा. अट आजीचीच राहील.