आकड्यांची वही

आपल्या वसतिगृहाच्या अभ्यासिकेत, उत्तरेकडच्या खिडकीपाशी, काळ्या पेटीचा एक संगणक आहे. शाळेच्या इमारती, देणगीदार आणि निकाल यांविषयी या स्मरणिकेत इतर मंडळी अधिकारवाणीने लिहितील. मी त्या संगणकाविषयी आणि त्याच्या शेजारी दोऱ्याने बांधून ठेवलेल्या दोनशे पानी वहीविषयी लिहिणार आहे. सत्तावीस वर्षे इतिहास शिकवून झाल्यावर पुरावा म्हणजे काय, हे मला त्या वहीने नव्याने शिकवले.

हा संगणक एका माजी विद्यार्थ्याने दिला. पुण्यात ॲनिमेशनच्या व्यवसायात स्थिरावल्यावर त्याने स्वतःसाठी नवे यंत्र घेतले आणि जुने शाळेला पाठवले. मुळात तो खेळांसाठी जुळवलेला संगणक. त्यात २०१६ साली बाजारात आलेले जीफोर्स जीटीएक्स १०६० हे ग्राफिक्स कार्ड आहे. पडद्यावरील चित्रांचे अफाट गणित हे कार्ड करते आणि त्या श्रमात १२० वॅटपर्यंत वीज खाते. खाल्लेल्या जवळजवळ सर्व विजेची शेवटी उष्णता होते. ती बाहेर काढण्यासाठी कार्डावर धातूच्या पातळ पात्यांचा जुडगा आणि त्यावर पंखे असतात. एवढे ज्ञान मला आज आहे, तेव्हा नव्हते.

त्या वर्षीच्या एप्रिलात संगणक वारंवार बंद पडू लागला. सुरू केल्यावर अर्ध्या तासात पडदा काळा होई. वसतिगृहाची जबाबदारी माझ्याकडे होती. नववीतला एक मुलगा रात्री उशिरापर्यंत त्याच्यासमोर बसतो, हे मला ठाऊक होते. खेळांचा संगणक, रात्रीची वेळ आणि चौदा वर्षांचा मुलगा, एवढ्यावर मी निकाल दिला. अभ्यासिकेला कुलूप लावले आणि त्याच्या आईला बोलावून घेतले.

ती माउली एक दिवसाची मजुरी बुडवून, दोन गाड्या बदलून आली. कार्यालयात खुर्ची पुढे केली तरी बसली नाही. उभ्यानेच म्हणाली, "सर, किती पैसे भरा लागन? हप्त्याहप्त्यानं देईन मी, पण पोराले शाळेतून काढू नोका." मुलगा खाली मान घालून उभा होता. त्याने फक्त एक वही माझ्या टेबलावर ठेवली आणि म्हणाला, "सर, मी खेळत नव्हतो. एकदा बघाल का?"

मी लगेच पाहिली नाही, हे कबूल केले पाहिजे. त्या रात्री, आई परत गेल्यावर, मी ती वही उघडली.

प्रत्येक पानावर पाच रकाने होते: खोलीचे तापमान, वेळ, कार्डाचे तापमान, पंख्याचे टक्के आणि पंख्याचे मिनिटाचे फेरे. नोंदी डिसेंबरपासूनच्या होत्या. दुसऱ्या दिवशी मी त्याला बोलावले आणि आयुष्यात प्रथमच एका नववीतल्या मुलासमोर विद्यार्थी होऊन बसलो.

त्याने कुलूप उघडायला लावले आणि संगणक सुरू केला. विंडोज १० मध्ये २०२० पासून टास्क मॅनेजरमध्येच कार्डाचे तापमान दिसते, हे त्याने दाखवले. पण पंख्याचे फेरे तिथे दिसत नाहीत. त्यासाठी त्याने जीपीयू-झेड हा छोटा मोफत प्रोग्राम वापरला होता. "सर, काही काम नसेल तेव्हा तीस ते पन्नास अंश ठीक. जोराचं काम चालू असेल तर साठ ते ऐंशी. त्र्याऐंशीच्या आसपास कार्ड आपणहून वेग कमी करतं. कंपनीने कमाल मर्यादा चौऱ्याण्णव दिलेली आहे. त्यापुढे जळू नये म्हणून ते बंद पडतं." मग हळूच म्हणाला, "आपलं बंद पडतंय, ते बिघडतंय म्हणून नाही. स्वतःला वाचवतंय म्हणून."

मी विचारले, "मग पंखा फिरत नाही का?"

उत्तरादाखल त्याने शेवटच्या दोन रकान्यांवर बोट ठेवले. टक्के म्हणजे कार्डाने पंख्याला दिलेला आदेश. फेरे म्हणजे पंखा प्रत्यक्षात किती फिरला ते. जानेवारीत ७० टक्क्यांच्या आदेशाला पंखा मिनिटाला २,१०० फेरे घेत होता. मार्चअखेर तेवढ्याच आदेशाला १,४००. एप्रिलात आदेश १०० टक्क्यांवर गेला होता आणि फेरे होते ९००. आदेश वाढत गेला, अंमल घटत गेला.

इतिहासाच्या शिक्षकाला याहून स्पष्ट भाषा कोणती हवी? विधवा पुनर्विवाहाचा कायदा १८५६ साली झाला. पण कायदा झाला म्हणून घरोघरी विवाह झाले नाहीत. फर्मान वाचून राज्याची स्थिती ठरवू नये, अंमल तपासावा, असे मी वर्गात वर्षानुवर्षे सांगत आलो. इथे मी दोन्हींपैकी काहीच तपासले नव्हते.

पहिल्या रकान्याचे महत्त्वही त्यानेच समजावले. पंखा कार्डावर खोलीतलीच हवा सोडतो. त्यामुळे कार्ड खोलीपेक्षा थंड कधीच होऊ शकत नाही. खोली दहा अंशांनी तापली, की तेवढ्याच कामाला कार्डही साधारण दहा अंशांनी अधिक तापते. विदर्भातल्या एप्रिल-मे महिन्यांत, पत्र्याच्या छपराखाली, खोलीचा आकडा न लिहिता कार्डाचा आकडा लिहिणे म्हणजे सन न लिहिता घटना लिहिण्यासारखे आहे.

रविवारी आम्ही पेटी उघडली. आधी वीज बंद करून वायर काढली, धातूच्या सांगाड्याला हात लावून अंगातली स्थिर वीज उतरवली आणि मग कार्ड बाहेर काढले. पात्यांच्या फटींत पांढुरका थर दाटून बसला होता. शाळेशेजारच्या जिनिंगमधून हिवाळाभर उडणारे कापसाचे तंतू खिडकीतून येऊन धुळीत मिसळले होते आणि पंख्यांच्या आसाभोवती त्यांचा पीळ बसला होता. मऊ ब्रशने आणि हवेच्या झोताने आम्ही ते साफ केले. झोत मारताना पंखा बोटाने धरून ठेवायचा, नाहीतर तो भलत्याच वेगाने फिरून त्याचा आस खराब होतो, ही सूचनाही त्याचीच. चिप आणि धातू यांच्यामध्ये उष्णता वाहून नेणारा लेप असतो. तो वाळून भुकटी झाला होता. नवा लेप लावला. पंख्यांची जोडी नागपूरहून मागवली. तिचा खर्च मी दिला. तो दंड माझाच होता.

मग त्याने एमएसआय आफ्टरबर्नर या प्रोग्राममध्ये पंख्याची रेषा आखली: ४० अंशांना ३० टक्के, ६० ला ५०, ७५ ला ८० आणि ८३ ला पूर्ण वेग. तापमान चढेल तसा पंखा चढेल, उतरेल तसा उतरेल. १७८८ साली जेम्स वॉटने वाफेच्या इंजिनावर फिरत्या गोलकांचा नियंत्रक बसवला, त्यामागचे तत्त्व हेच. यंत्राच्या स्थितीनेच यंत्राला आवरायचे. मी औद्योगिक क्रांती शिकवताना फळ्यावर ते गोलक काढत आलो होतो. त्यांचा वंशज माझ्याच अभ्यासिकेत गुदमरतो आहे, हे मला दिसले नव्हते.

त्या संध्याकाळी खोलीत ३६ अंश होते. संगणक दोन तास पूर्ण भाराने चालला. कार्ड ७२ अंशांवर स्थिरावले आणि पंखा २,२०० फेऱ्यांवर. पडद्यावर हळूहळू एक चित्र उमटत होते: कौलारू छप्पर, लाकडी खांब, अंगणातला हौद. आपले जुने वसतिगृह! पाडलेल्या त्या इमारतीची, कार्यालयातल्या छायाचित्रांवरून, तो ब्लेंडर या मोफत प्रोग्राममध्ये त्रिमितीय प्रतिकृती करत होता. रात्र-रात्र चालणारे, कार्डाला तापवणारे ते 'खेळणे' हेच होते. या वर्षीच्या माजी विद्यार्थी मेळाव्यात दाखवायला.

त्या चित्रातला दुसरा खांब मी ओळखला. सातवीत असताना मला विषमज्वर झाला होता, तेव्हा माझी खाट त्याच खांबाला लागून होती. तेव्हाचे अधीक्षक गुरुजी दर चार तासांनी, रात्रीसुद्धा, माझा ताप मोजत आणि जुन्या उत्तरपत्रिकेच्या पाठीवर लिहून ठेवत. एकदा मी विचारले होते, "गुरुजी, लिहून काय होतं?" ते म्हणाले होते, "उद्या डॉक्टर आले की त्यांना माझं मत नको, तुझा ताप हवा." त्या कागदावरून औषध बदलले आणि मी वाचलो. त्याच गुरुजींच्या खुर्चीवर बसून मी मात्र एका मुलाविषयी केवळ माझे मत त्याच्या आईला कळवले होते.

सोमवारी परिपाठाच्या वेळी मी सर्व विद्यार्थ्यांसमोर त्या मुलाची क्षमा मागितली. मग त्याच्या गावी गेलो. घराच्या ओसरीवर बसून त्याच्या आईलाही सांगितले, "ताई, चूक माझी होती. तुमच्या मुलाने काही बिघडवले नाही. बिघडलेले त्यानेच शोधले." तिने लुगड्याच्या पदराने डोळे पुसले आणि चहा ठेवला. बुडालेल्या मजुरीचे पैसे देऊ केले, ते तिने घेतले नाहीत.

तो मुलगा आता शाळेतून बाहेर पडला आहे. वहीची चौथी आवृत्ती सध्या आठवीच्या दोन मुली भरतात. मेळाव्याला आलात तर अभ्यासिकेत जरूर जा. जुने वसतिगृह पडद्यावर पाहायला मिळेल. शेजारची वहीही उघडून पाहा आणि त्या दिवशीची नोंद आपल्या हाताने करा. सुरुवात पहिल्या रकान्यापासून करावी: खोलीचे तापमान.