टाटा नावाचं स्टेशन

बुडापेस्टहून निघालेली आमची पॅसेंजर एका स्टेशनात थांबली आणि फलाटावरची पाटी वाचून मी जागचा उठलोच. पाटीवर लिहिलं होतं: टाटा.

आमचं गाव पांढरकवडा. नागपूर–हैदराबाद रस्ता, जुना सात नंबर आणि आताचा चव्वेचाळीस, आमच्या अंगावरूनच गेलेला. वडकी, करंजी, पांढरकवडा, पाटणबोरी, आणि मग पैनगंगा. रात्री ट्रकचा आवाज थांबला की ज्यांची झोपमोड होते, अशी आमची पिढी. आम्हाला टाटा म्हटलं की समोर ट्रक उभा राहतो. आणि हंगेरीत ते एका तळ्याकाठच्या टुमदार गावाचं नाव! त्याच्या अलीकडचं मोठं स्टेशन टाटाबान्या. भाची म्हणाली, "बान्या म्हणजे खाण, मामा. कोळशाची." म्हणजे टाटा आली, पाठोपाठ आमच्याकडची कोळसाखाणींची वणीही आली. देशही केवढा? त्र्याण्णव हजार चौरस किलोमीटर, आपल्या विदर्भाहून थोडा लहानच.

खरा धक्का पुढे होता. टाटापासून दहाएक किलोमीटरवर 'कोच' नावाचं खेडं आहे. पंधराव्या शतकात, मात्याश राजाच्या काळात, तिथल्या हलक्या, वेगवान घोडागाड्यांचं नाव झालं. बुडा ते व्हिएन्ना त्या धावत. 'कोचची गाडी' म्हणता म्हणता गावाचं नावच गाडीला चिकटलं, युरोपभर फिरलं, इंग्रजांनी ते उचललं आणि रेल्वेच्या तिकिटावर बसून ते आपल्यापर्यंत आलं. आपण 'कोच नंबर किती?' विचारतो तेव्हा या खेड्याचं नाव घेत असतो. आमच्याकडे बैलगाडीला रेंगी, दमणी, छकडा, खाचर, बंडी अशी नावांची रेलचेल. पण त्यातली बंडी तेवढी पैनगंगेपलीकडच्या तेलुगूतही बंडीच. तिच्यापुढे कोणी गेलं नाही. हेवा वाटला, खोटं कशाला बोलू?

ड्यॉरला उतरलो. (हे मी 'ग्यॉर' वाचत होतो. भाची तिथल्या विद्यापीठात शिकते, तिने दोनदा दुरुस्त केलं.) राबा नदी इथे डॅन्यूबच्या एका फाट्याला मिळते आणि त्या नदीचंच नाव इथल्या कारखान्याला आहे. 1896 साली आगगाडीचे डबे बांधायला निघालेला हा कारखाना. 1906 मध्ये लंडनच्या भुयारी रेल्वेचे काही डबेही याने पुरवले. आमच्या यवतमाळची शकुंतला रेल्वे मला तिथे आठवली.

रविवार होता. चौकात जुन्या गाड्या मांडल्या होत्या. लोक लाल मोटारींभोवती गोळा झालेले, आणि मी पलीकडे एकट्या उभ्या असलेल्या ट्रेलरच्या घोड्यापाशी. घोडा म्हणजे पुढचं इंजिनवालं तोंड. करंजीच्या ढाब्यावर त्याला दुसरा शब्द नाही. नाक नसलेला, चपट्या तोंडाचा राबा. शेजारी सत्तरीच्या पुढचा एक माणूस चिंधीने हात पुसत होता. भाचीने त्याला 'बाची' अशी हाक मारली. मी चमकलो. तिकडे वडीलधाऱ्या पुरुषाला बाची म्हणतात, काका-मामा या अर्थी. भाची बाचीशी बोलत होती आणि मी दोघांच्या मध्ये.

घोड्याच्या पाठीवर एक काळा, ग्रीसने माखलेला लोखंडी तवा होता, मागच्या बाजूने चिरलेला. त्या चिरेत ट्रेलरच्या पोटाखालची दोन इंची खिळी घुसते, जबडा मिटतो आणि सगळा माल त्या एका खिळीवर ओढला जातो. बंडीत बैल जुंपायला जू आणि शिवळा, इथे ही खिळी. मी विचारलं, याला तुमच्यात काय म्हणतात? भाचीने उत्तर ऐकलं आणि हसायलाच लागली. "न्येरेग. म्हणजे खोगीर, मामा! आणि या गाडीला न्येर्गेश वोंतातो. खोगीरवाली ओढणारी!"

अकराशे वर्षांपूर्वी घोड्यांवरून या मैदानात उतरलेले हे लोक. त्यांनी ट्रकवर खोगीर चढवलं. आम्ही बैलवाले, तरी आम्ही त्यालाच घोडा म्हणतो.

गाडीचं तोंड जर्मन वळणाचं आहे हे मी आधीच ओळखलं होतं. 1960च्या दशकाच्या अखेरीस राबाने मान या जर्मन कंपनीच्या डिझेल इंजिनाचा परवाना घेतला. सहा सिलिंडर, दहा लिटरहून थोडं मोठं. त्याआधी बुडापेस्टजवळच्या चेपेल कारखान्याने, 1949 साली युद्धातल्या विमानकारखान्याच्या जागेवर उभा राहून, ऑस्ट्रियाच्या श्टायरचा परवाना घेतला होता. आपलं तरी काय वेगळं? 1954 पासून 1969 पर्यंत जमशेदपूरच्या टाटा ट्रकच्या तोंडावर मर्सिडीजचा ताराच होता. पण त्यांच्यावर एक जादा संकट आलं. साम्यवादी देशांच्या संघात कामांची वाटणी झाली आणि हंगेरीच्या वाट्याला बस आली, इकारुस. चेपेलचे ट्रक त्यात हळूहळू संपले. राबा इंजिनं आणि आस बनवत तगला. आस आजही बनवतो.

बाची हंगारोकॅमियॉनमध्ये चालक होता. 1966 सालची ही सरकारी वाहतूक कंपनी. तिच्या गाड्या पश्चिम युरोपात जात, तुर्कस्तान ओलांडून तेहरान-बगदादलाही पोहोचत. साध्या हंगेरियनाला पश्चिमेकडे जायला तेव्हा तीन वर्षांतून एकदा परवानगी मिळे. हा माणूस दर महिन्याला सरहद्दी ओलांडत होता. ताडपत्रीला सील, पुढे निळी टीआयआर पाटी. ती असली की मधल्या नाक्यांवर माल उघडायचा नाही. आमच्याकडच्या पिंपळखुटीच्या नाक्यावर लागलेली ट्रकची रांग मला आठवली आणि त्या निळ्या पाटीकडे मी जरा जास्त वेळ पाहिलं.

"परत येताना काय आणायचा?" मी विचारलं.

"कॉफी. जीन्स. एकदा गालिचा." मग बाचीने मला विचारलं, तुमच्याकडे याला काय म्हणता?

"घोडा," मी म्हणालो.

भाचीने त्याच्या भाषेत सांगितलं, "लो." त्याने माझ्याकडे पाहिलं, गाडीकडे पाहिलं, तेलकट तळव्याने राबाच्या दारावर दोनदा थापटलं, बैलाच्या पुठ्ठ्यावर थापटावं तसं, आणि म्हणाला, "गोडा. गोडा."