सातपुड्याच्या पायथ्याची पीएच.डी.

इमेज प्रोसेसिंगमध्ये पीएच.डी. करू पाहणारा जळगाव-धुळ्याचा विद्यार्थी माझ्याकडे येतो, तेव्हा विषय बहुधा ठरवूनच आलेला असतो : मेंदूतली गाठ. एमआरआयच्या प्रतिमा इंटरनेटवर फुकट मिळतात, जगभर त्यांवर काम झालेलं असतं. अचूकता दशांशाने वाढली की प्रबंध तयार. रुग्णाच्या पदरात त्यातून काय पडतं, हे कुणी विचारत नाही. अशा प्रबंधांचा मला, खरं सांगायचं तर, कंटाळा आला आहे.

नांदेडच्या श्री गुरु गोविंदसिंगजी अभियांत्रिकी संस्थेतल्या संशोधकांनी दुसरी वाट धरली. गावातल्याच नेत्रचिकित्सालयात काढलेल्या नेत्रपटलाच्या ५१६ प्रतिमा त्यांनी निवडल्या. त्यांतल्या ८१ प्रतिमांवर मधुमेहाने झालेली इजा पिक्सेलनिहाय आखून घेतली आणि २०१८ मध्ये संच जगाला खुला केला. त्यावर आंतरराष्ट्रीय स्पर्धाही झाली. महागडं यंत्र नव्हे, डॉक्टरांनी नीट आखून दिलेली प्रतिमा दुर्मीळ असते.

खानदेशात असा विषय आहे सिकलसेलचा. धुळे-नंदुरबारच्या भिल्ल, पावरा वस्त्यांमध्ये हा आजार पिढ्यान्‌पिढ्या आहे. रुग्णाच्या रक्ताच्या काचपट्टीवर विळ्याच्या आकाराच्या पेशी दिसतात. संगणकाला त्या ओळखायला शिकवणं आता फारसं अवघड नाही. खरी मेख आहे वाहकाची, म्हणजे एकाच पालकाकडून हा दोष आलेल्या माणसाची. त्याच्या पेशी सहसा गोलच दिसतात, ऑक्सिजन कमी झाला की वाकतात. म्हणून काचपट्टीवर सोडियम मेटाबायसल्फाइट घालून वाट पाहतात. पण पेशी वाकल्या म्हणजे तो वाहक की रुग्ण, हे त्यातून ठरत नाही. त्यासाठी इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी लागते, आणि ती सोय गावच्या आरोग्य केंद्रात नसते. वाहक ओळखणं महत्त्वाचं, कारण दोन्ही पालक वाहक असतील, तर प्रत्येक गरोदरपणात मूल रुग्ण असण्याची शक्यता २५ टक्के. सूक्ष्मदर्शकावर मोबाइल बसवून पेशी कशा आणि किती वेगाने वाकतात याची प्रतिमामालिका टिपली, तर वाहक आणि रुग्ण यांतला फरक कळेल का? उत्तर ‘नाही’ आलं तरी तो प्रबंध मोलाचा ठरेल.

पैशांची अडचण असते, पण दारं बंद नाहीत. नेट-जेआरएफ मिळाली तर पहिली दोन वर्षं दरमहा ३७,००० रुपये मिळतात. शिवाय बार्टी, सारथी, महाज्योती या राज्य शासनाच्या संस्थांच्या अधिछात्रवृत्त्या आहेत. जळगाव आणि धुळे, दोन्हीकडे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयं आहेत. तिथला पॅथॉलॉजीचा प्राध्यापक सहमार्गदर्शक म्हणून मिळवा. नीतिमत्ता समितीची परवानगी आधी, प्रतिमा नंतर. संमतिपत्र मराठीत छापून भागणार नाही. ते पावरी-भिलोरीत समजावून सांगणारा माणूस सोबत हवा.

आणि विषय नोंदवण्याआधी आठवडाभर प्रयोगशाळेत बसून काचपट्टी रंगवायला शिका. प्रोग्रॅमिंग नंतरही शिकता येईल.