गायपजामा

माहीमला आमच्या चाळीच्या तोंडाशी भाड्याने पुस्तके देणारे एक दुकान होते. मराठी इंद्रजाल कॉमिक्सचे भाडे दिवसाला चार आणे, टिनटिनचे एक रुपया. त्यामुळे वेताळ रोजचा आणि टिनटिन सणासुदीचा. सत्तरचे दशक संपत आले होते. इंग्रजी अर्धेमुर्धेच कळे, पण चित्रे पुरून उरत.

'सिगार्स ऑफ द फॅरो'मध्ये टिनटिन हिंदुस्थानात उतरतो आणि 'गायपजामा' नावाच्या गावी पोहोचतो. फ्रेंच कानाला त्यात 'आनंदी पायजमा' ऐकू येतो. आम्हांला गाय वेगळी आणि पायजमा वेगळा दिसला, आणि आम्ही आठवडाभर हसत होतो. तेथे टिनटिन लाकडी तुतारी कोरून हत्तींशी त्यांच्या भाषेत बोलतो, एक फकीर लोकांना विषाने वेडे करतो आणि टिनटिनच्या कुत्र्याला शंकरापुढे बळी द्यायला नेतात. शंकरापुढे, आणि तोही कुत्र्याचा! आजीला हे वाचून दाखवले तेव्हा ती शांतपणे म्हणाली, "त्याला कुणी सांगणारं नव्हतं वाटतं."

खरोखरच नव्हते. जॉर्ज रेमी ऊर्फ एर्जे 10 जानेवारी 1929पासून ब्रसेल्समधील एका कॅथलिक दैनिकाच्या मुलांच्या पुरवणीत दर आठवड्याला टिनटिनची पाने काढत होता. पुढच्या अंकात काय घडणार हे त्यालाही पुष्कळदा ठाऊक नसे. त्या धावपळीत हिंदुस्थान ऐकीव माहितीवरच उभा राहिला.

पुढचा मुक्काम चीन. तेव्हा लूव्हेनमधील चिनी विद्यार्थ्यांचे धर्मगुरू गॉसे यांनी एर्जेला जरा जपून लिही म्हणून विनवले, आणि 1934मध्ये त्याची गाठ चांग चोंगरेनशी पडली. चांग ब्रसेल्सच्या कला अकादमीत शिल्पकला शिकत होता. दोघांचा जन्म 1907चा. चांग घरी येई आणि कुंचला कसा धरावा इथपासून चीनमध्ये काय चालले आहे इथपर्यंत सारे सांगे. 'द ब्लू लोटस' त्यातून घडले. त्यातल्या भिंतींवरची चिनी अक्षरे चांगमुळे आली. बेल्जियन वाचकांना ती नक्षी वाटली असणार, प्रत्यक्षात त्यांत साम्राज्यवादाच्या निषेधाच्या घोषणा आहेत. मात्र मित्राची नजर मित्राच्या देशापुरतीच. त्याच पुस्तकातील जपानी माणसे पुढे आलेल्या दातांची व्यंगचित्रेच राहिली.

आमच्या वेताळाचीही अशी एक दुरुस्ती झाली होती, पण ती बोरीबंदरला, टाइम्सच्या कचेरीत. 1964मध्ये इंद्रजाल सुरू झाल्यावर संपादकांनी मूळ इंग्रजीतल्या 'बेंगाली'चे 'डेंकाली' केले आणि 'सिंग' चाच्यांचे 'सिंगा'. नावे बदलली, जंगल मात्र होते तसेच राहिले. लहानपणी मला हे संपादक फार चतुर वाटत. आता वाटते, त्यांनी आमची लाज राखली खरी, पण चित्र तेच ठेवले.

'टिनटिन इन तिबेट' मी 'ब्लू लोटस'च्या आधी वाचले, कारण 'ब्लू लोटस' इंग्रजीत आलेच 1983मध्ये. चांग कोण हे ठाऊक नसताना टिनटिन त्याच्यासाठी रडताना पाहिला. आमच्या घरात 1962नंतर 'चिनी' हा शब्द वडील दातओठ खाऊनच उच्चारत. त्याच घरात मी त्या चिनी पोराच्या काळजीने रात्री जागलो. त्या पुस्तकातली दिल्ली बरीच खरी आहे, कुतुबमिनार ओळखू येतो. तरी एक गाय रस्ता अडवून बसलेलीच असते. तिला एर्जेने शेवटपर्यंत सोडले नाही.

खरा चांग 1935मध्ये चीनला परतला आणि दोघांचा संपर्क तुटला. पुन्हा भेट झाली ती 1981मध्ये, ब्रसेल्सला. दोघेही सत्तरी ओलांडलेले. मार्च 1983मध्ये एर्जे गेला. 'ब्लू लोटस' माझ्या हाती आले तेव्हा मी कॉलेजात होतो. टिनटिन चांगला पुरातून वाचवतो आणि मग दोघे एकमेकांच्या देशांविषयीच्या खुळ्या समजुती सांगून हसतात, ते पान मी वडिलांसमोर ठेवले. त्यांनी चष्मा लावला, बराच वेळ पाहिले आणि विचारले, "हे त्याच गायपजामावाल्याचं?"