साठ पानांची संध्याकाळ

टोकियो म्हटलं की डोळ्यांसमोर येतं शिबुयाचं क्रॉसिंग, साकुरा आणि बुलेट ट्रेन. पण शुक्रवारी ऑफिस सुटल्यावर बॅगेत पत्त्यांचा कॅट टाकून 'बाबा' गाठणाऱ्यांचं टोकियो काही औरच! डेप्युटेशनवर असाल आणि वीकेण्ड अंगावर येत असेल, तर एकदा इकडे वाट वाकडी कराच.

"आज बाबाला जातेय, जेवायला थांबू नकोस."

पहिल्यांदा हा मेसेज पाठवला तेव्हा रूममेटचा लगेच फोन आला. "कुठल्या बाबाला गं? इथे मठ आहे?" बिचारीचं काय चुकलं! पण मंडळी, हा बाबा म्हणजे ताकादानोबाबा. टोकियोतलं एक स्टेशन. जपानीत 'बाबा' म्हणजे घोडे फिरवायचं मैदान. एदो काळात इथे खरंच तसं मैदान होतं. आता घोडे गेले आणि वासेदा युनिव्हर्सिटीची पोरं आली. तीही या जागेला लाडाने नुसतं 'बाबा'च म्हणतात.

आम्ही राहायला निशी-कसाईला. म्हणजे टोकियोतली आपली हिंजवडीच म्हणा ना. आयटीवाल्या भारतीयांची इथे एवढी वस्ती आहे की संध्याकाळी भाजी घेताना मराठी कानावर पडतं. निशी-कसाईहून आकाशी रंगाची तोझाई लाइन पकडली की गाडी न बदलता साधारण अर्ध्या तासात थेट बाबा. गर्दी मात्र अशी की विरार फास्टची आठवण यावी! बाहेर पडलं की रामेनची दुकानं, कॉलेजची टोळकी आणि जेआरच्या पुलाखाली भिंतभर रंगवलेला अ‍ॅस्ट्रो बॉय. जेआरच्या प्लॅटफॉर्मवर गाडी सुटतानाची धूनही त्याचीच वाजते.

या गल्ल्यांमध्येच हारेरुया हे मॅजिकच्या पत्त्यांचं नावाजलेलं दुकान आहे. ते सुरू केलं तोमोहारू साइतो यांनी. ते स्वतः २००७ चे 'प्लेअर ऑफ द इयर'. आत शिरलं की एकीकडे काचेच्या कपाटांत मांडलेले पत्ते आणि दुसरीकडे ओळीने लावलेली टेबलं. ऑफिसच्या शर्टातली माणसं समोरासमोर बसलेली. आवाज कसला? फक्त पत्ते पिसल्याचा.

कॅट ज्याचा त्याचा

आपण मेंढीकोट, बदाम सात, रमीवर वाढलेली माणसं. टेबलावर एकच कॅट, तो सगळ्यांत वाटायचा आणि मग नशिबाला बोल लावायचा. इथे प्रत्येक जण आपापला कॅट घरून बांधून आणतो! निदान साठ पत्ते आणि एकाच नावाचे जास्तीत जास्त चार. प्रत्येकाकडे वीस 'लाइफ'. समोरच्याचे वीस संपवले की डाव तुमचा.

ही कल्पना रिचर्ड गारफील्ड या अमेरिकन गणितज्ञाची. 'मॅजिक: द गॅदरिंग' १९९३ मध्ये बाजारात आलं आणि विकत घ्यायचे, अदलाबदल करायचे आणि खेळायचे पत्ते असा नवा धंदाच उभा राहिला. १९९६ मध्ये जपानात पोकेमॉनचे पत्ते आले आणि १९९९ मध्ये कोनामीचा यु-गी-ओ. अकिहाबाराला गेलात तर रेडिओ कायकानच्या इमारतीत मजल्यामागून मजले काचेच्या खणांत हेच पत्ते दिसतील. सोन्याच्या पेढीसारखे, एकेकावर किमतीचं लेबल! पण अकिहाबारा पाहायला छान. खेळायला बाबा.

नशीब इथेही आहेच. पत्ते खेळायला लागतो तो 'माना', आणि तो देतात 'लँड' नावाचे पत्ते. समजा, साठात चोवीस लँड घातले. तरी पहिल्या सात पत्त्यांत एकही नाही किंवा एकच लँड, असं साधारण सातातून एकदा होतंच. मग काय करायचं? हात टाकून नवे सात घ्यायचे आणि त्यातला एक पत्ता तळाशी सरकवायचा. याला म्हणतात मलिगन, आणि २०१९ पासून तो असाच घेतात. वाईट हात हावरटपणे धरून ठेवायचा की एका पत्त्याचं नुकसान सोसून नवा घ्यायचा? नोकरी बदलतानाचा प्रश्न फार वेगळा नसतो, नाही का!

टेस्ट, वन-डे आणि बुफे

दुकानातलं वेळापत्रक पाहून पहिल्यांदा माझं डोकंच गरगरलं. स्टँडर्ड, मॉडर्न, लेगसी, ड्राफ्ट... अरे, खेळ एकच ना? हो, पण क्रिकेटही एकच आणि टेस्ट, वन-डे वेगळ्या!

स्टँडर्डमध्ये फक्त अलीकडच्या वर्षांतले पत्ते चालतात. जुने ठरलेल्या वेळी बाद होतात, त्यामुळे कॅट सतत बदलावा लागतो आणि खिशाला चाट बसते. मॉडर्नमध्ये २००३ पासूनचे संच चालतात. लेगसी आणि व्हिंटेज म्हणजे थेट १९९३ पर्यंत मागे. व्हिंटेजमध्ये तर 'ब्लॅक लोटस' हा अतिमहाग पत्ताही चालतो. अर्थात एकच!

आणि ड्राफ्ट म्हणजे बुफे. आठ जण गोल बसतात. प्रत्येकापुढे तीन बंद पाकिटं. पहिलं फोडायचं, एक पत्ता उचलायचा आणि बाकीचे डावीकडे सरकवायचे. दुसरं पाकीट उजवीकडे, तिसरं परत डावीकडे. जे हाती लागलं त्यातून चाळीसचा कॅट बांधायचा. आवडीचं ताट आपल्यापर्यंत येईस्तोवर शेजाऱ्याने पनीर संपवलेलं असतं.

डावपेचांचे मोठे प्रकार तीन. 'अ‍ॅग्रो' सुरुवातीलाच तुटून पडतो. 'कंट्रोल' तुमच्या प्रत्येक पत्त्याला नाही म्हणतो आणि तुम्ही दमलात की सावकाश जिंकतो (अशा बॉसच्या हाताखाली आपण सगळ्यांनीच काम केलंय). 'कॉम्बो' दोन-तीन ठरावीक पत्ते जमेपर्यंत दम धरतो आणि मग एका फटक्यात खेळ खलास. शोता यासोओका हे कंट्रोलवाल्यांचं दैवत. २०१६ मध्ये होनोलुलूची प्रो टूर त्यांनी कंट्रोलनेच मारली.

माइक फ्लोरेस या अमेरिकन खेळाडूचा १९९९ चा 'हूज द बीटडाउन?' हा लेख अजून नव्या भिडूंना वाचायला सांगतात. त्याचं म्हणणं साधं आहे. प्रत्येक सामन्यात एकाने हल्ला करायचा असतो आणि दुसऱ्याने तग धरायचा असतो. आपण या दोघांतले कोण, हे ओळखायला चुकलात की हरलात.

शिवाय बाकीचे आज काय आणणार, हा अंदाज वेगळाच. त्याला म्हणतात मेटागेम. लोकलच्या टोकाच्या डब्यात गर्दी कमी असते, हे कळल्यावर सगळे टोकाच्या डब्याकडे धावतात. मग मधला डबा रिकामा! तसंच हे.

हरलात? बसा!

मला मात्र इथे धरून ठेवलं ते 'स्विस'ने. ही बुद्धिबळातली जुनी पद्धत, १८९५ मध्ये झुरिकच्या स्पर्धेत वापरलेली, म्हणून नाव स्विस. यात हरलेला बाहेर जात नाही. दर फेरीत जवळपास सारखे गुण असलेल्यांची जोडी लावतात. जिंकणारा जिंकणाऱ्याशी आणि हरणारा हरणाऱ्याशी. विजयाला तीन गुण, बरोबरीला एक. मोठ्या स्पर्धेत शेवटी पहिले आठ बाद फेरीत जातात, पण तोपर्यंत प्रत्येकाला समोर कोणीतरी मिळतंच.

कॉलेज प्रवेशापासून अप्रेझलपर्यंत सगळीकडे कटऑफ पाहिलेल्या आपल्याला ही गंमत चटकन कळत नाही. पहिल्या शुक्रवारी मी तीनपैकी तीन हरले. तिसऱ्या फेरीत समोर बसलेला मुलगाही दोन हरून आलेला. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं आणि हसू फुटलं. पूर्ण आठवड्यात कामाशिवाय कोणी माझ्याकडे बघून हसलं, ते तेव्हाच. परदेशातला एकटेपणा काय असतो हे डेप्युटेशनवाल्यांना सांगायला नको. पुढच्या शुक्रवारी मी परत गेले.

जपानी मला येतं ते 'हे केवढ्याला?'पुरतं. पण इथे पुरतं. सुरुवातीला दोघांनी मान लववून "योरोशिकु ओनेगाई शिमासु" म्हणायचं, आपला कॅट पिसून समोरच्याला पिसायला द्यायचा, आणि संपल्यावर "अरिगातो गोझाइमाशिता". मधलं सगळं पत्ते बोलतात. अडचण एवढीच, की ते बोलतात जपानीत! चित्र ओळखीचं नसेल तर फोनवर त्याचा इंग्रजी मजकूर शोधायचा. नियमाला चालतं. घड्याळाला चालत नाही.

शेवटचे पाच टर्न

दोन महिन्यांनंतरचा शुक्रवार. तीन फेऱ्यांचं स्टँडर्ड. माझा लाल अ‍ॅग्रो कॅट. एक हरले, एक जिंकले. तिसऱ्या फेरीत समोर पन्नाशीचे एक गृहस्थ, टाय सैल केलेला, निळा-पांढरा कंट्रोल. त्यांचाही एक विजय, एक हार. दोन विजयांना बक्षीस एक पाकीट.

पहिला डाव मी झटपट मारला. दुसरा त्यांनी, चांगला वीस-पंचवीस मिनिटं घासून. तिसऱ्यात ते प्रत्येक पत्ता टाकताना माझ्याकडे वळवून ठेवत होते, मला वाचता यावा म्हणून. मी प्रत्येक वेळी फोन उचलत होते. ते शांतपणे वाट बघत होते.

पन्नास मिनिटं संपली. चालू टर्न पूर्ण करून आणखी पाच टर्न मिळतात. त्यात निकाल लागला नाही की बरोबरी. पाचवा टर्न माझा होता. हातात काही नव्हतं. टेबल सगळं त्यांचं. त्यांना आणखी एक टर्न मिळाला असता तर मी संपले होते.

म्हणजे बरोबरी! एक जिंकले, एक हरले, एक बरोबरी. दोन महिन्यांत पहिल्यांदा मी जिंकण्यापेक्षा जास्त वेळा हरले नव्हते. घरी फोन करून सांगण्याजोगं! त्यांनी मान लववली. चेहऱ्यावर तक्रार नाही.

पण ती मिनिटं कोणी खाल्ली होती? मीच ना! नियमात बसणारं होतं, कोणी काही बोललंही नसतं. आणि निकाल नोंदवेपर्यंत कोणालाही हार मान्य करता येते, हाही नियमच. फक्त त्या बदल्यात काही मागायचं नाही आणि द्यायचंही नाही. तसं केलं तर स्पर्धेतून हकालपट्टी.

मी स्वतःकडे बोट दाखवलं आणि दोन बोटं त्यांच्याकडे. दोन-एक, तुम्ही. त्यांना आधी कळलंच नाही. मग कळलं तेव्हा त्यांनी हात हलवून नको-नको केलं. मी फोन उचलून दाखवला, घड्याळ दाखवलं. ते थोडा वेळ गप्प बसले, मग मान खाली लववली, नेहमीपेक्षा जरा जास्त.

खरं सांगू? स्टेशनवर येईपर्यंत मला वाईट वाटत होतं. खूप उदार वगैरे अजिबात वाटलं नाही. ते एक-एक-एक मला हवं होतं. पण उरलेल्या वीकेण्डमध्ये ती बरोबरी मला कुठे ठेवताही आली नसती.

पुढच्या शुक्रवारी ते आधीच आलेले. मला बघून हात केला आणि बॅगेतून कॅट काढला. त्यातले बरेचसे पत्ते आता इंग्रजी होते. मुद्दाम बदलले की होतेच त्यांच्याकडे, विचारण्याइतकं जपानी मला येत नाही. फेऱ्या सुरू व्हायला वीस मिनिटं होती. आम्ही पिसायला घेतलं.

बाबाला जायचंय?

कसं जाल: निशी-कसाईहून तोझाई लाइन, उतरा ताकादानोबाबा. यामानोते लाइनचंही स्टेशन आहे.

काय न्याल: स्वतःचा कॅट, स्लीव्ह्ज, फासे, लाइफ लिहायला वही-पेन. इंग्रजी पत्ते चालतात. त्या दिवशीचा फॉर्मॅट आधी बघून घ्या.

नवखे असाल तर: ड्राफ्टपेक्षा बांधून नेलेल्या कॅटने सुरुवात करा. बंद पाकिटातले जपानी पत्ते घाम फोडतात.

माझ्या चुकीतून शिका: पत्ता कळला नाही तर सरळ हात वर करून जजला बोलवा. त्यात मिनिटापेक्षा जास्त वेळ गेला तर तेवढा वेळ वाढवून मिळतो. फोनमध्ये गेलेला वेळ तुमचा!

परतताना: शेवटची गाडी मध्यरात्रीच्या सुमारास. रामेन खाऊनही मिळते.