रगडा आणि उत्तरदायित्व : कोल्हापुरातील सक्तीच्या एनसीसीचा अनुभव

चीनबरोबरचे युद्ध चालू असतानाच, १८ नोव्हेंबर १९६२ रोजी, कोल्हापुरात शिवाजी विद्यापीठाचे उद्घाटन झाले आणि त्या युद्धाने दिलेल्या धक्क्यातून १९६३ साली राष्ट्रीय छात्रसेना, म्हणजेच एनसीसी, महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना सक्तीची करण्यात आली. त्यामुळे या विद्यापीठाच्या अगदी पहिल्या पिढीच्या वाट्याला पदवीच्या पुस्तकांबरोबर खाकी गणवेशही आला. स्वतंत्र भारतात सक्तीची लष्करभरती कधी झाली नाही, आणि १९६८ साली एनसीसी ऐच्छिक होईपर्यंतचा हा काळच काय तो तिच्या जवळपास जाणारा. प्रस्तुत लेखक त्या काळातील एका तुकडीत होता. पुढील विवेचनाला त्या अनुभवाचा आधार आहे.

परेड शिकवायला सैन्यातले हवालदार येत आणि त्यांना सारे ‘उस्ताद’ म्हणत. वेळेवर हजर राहणे, बूट चकचकीत ठेवणे, पितळी बक्कल ब्रासोने घासणे या सवयी त्यांनी लावल्या आणि त्या अनेकांना जन्मभर पुरल्या, हे मान्य करायलाच हवे. मात्र या शिक्षणाला ‘रगडा’ जोडलेला असे. रगडा म्हणजे चुकलेल्याला, आणि पुष्कळदा त्याच्यापायी साऱ्या तुकडीला, दमवून काढण्याची शिक्षा : सुमारे चार किलोंची थ्री-नॉट-थ्री रायफल दोन्ही हातांनी डोक्यावर धरून मैदानाला फेऱ्या मारणे, कोपरांवर रांगणे, खडीवर कोलांट्या घेणे. किती फेऱ्या, किती वेळ आणि कोणत्या उन्हात, हे सर्वस्वी उस्तादाच्या मर्जीवर असे.

ऑक्टोबरच्या एका दुपारी अशाच फेऱ्यांत तुकडीतला एक मुलगा अडखळू लागला आणि असंबद्ध बोलू लागला; तो सोंग करतो आहे असे ठरवून त्याला आणखी एक फेरी देण्यात आली, आणि तो कोसळल्यावर तोंडावर पाणी मारून मित्राच्या सायकलवरून घरी धाडण्यात आले. दुसऱ्या दिवशी त्याची लघवी कोऱ्या चहासारखी झाली होती. अतिश्रमाने स्नायूंच्या पेशी फुटतात, त्यांतील द्रव्य रक्तात उतरते आणि मूत्रपिंडे निकामी करू शकते, हे तेव्हा मैदानावरच्या कोणालाही ठाऊक नव्हते. श्रमजन्य उष्माघातात शरीराचे आतले तापमान चाळीस अंश सेल्सिअसच्या वर जाते, घाम येत असला तरी मेंदूवर परिणाम होतो आणि रुग्णाला आधी थंड पाण्यात बसवून मगच दवाखान्यात हलवायचे असते, हेही नव्हते. मुलगा वाचला. पुढील कित्येक परेडींच्या हजेरीपटावर मात्र त्याच्या नावापुढे ‘गैरहजर’ असे लागत गेले, आणि हजेरी सक्तीची असल्याने तो दोषही त्याच्याच माथी आला. त्या दुपारची दुसरी कोणतीही नोंद झाली नाही.

अज्ञानाला क्षमा असू शकते. नोंद नसण्याला नाही. सेना अधिनियम १९५० च्या कलम ४७ नुसार हाताखालच्या सैनिकाला मारणाऱ्या किंवा छळणाऱ्यास लष्करी न्यायालय सात वर्षांपर्यंत कारावास देऊ शकते. परंतु एनसीसीचा छात्र त्या अधिनियमाखाली येत नाही, त्यामुळे त्याला सैनिकाची शिक्षा मिळे आणि सैनिकाचे संरक्षण मिळत नसे. तैवानमध्ये सक्तीची सेवा संपायला काही दिवस उरलेला एक जवान जुलै २०१३ मध्ये शिक्षेच्या कवायतीनंतर उष्माघाताने दगावला, तेव्हा लाखो नागरिक रस्त्यावर उतरले आणि ऑगस्टमध्येच शांतताकाळातील लष्करी गुन्ह्यांचे खटले मुलकी न्यायालयांकडे देण्याचा कायदा झाला. आपल्याकडे खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीसारख्या संस्थांत प्रशिक्षणात जायबंदी होऊन घरी परतलेल्या छात्रांना माजी सैनिकाचा दर्जा मिळत नाही, याची सर्वोच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली ती ऑगस्ट २०२५ मध्ये. प्रश्न १९८५ पासूनच्या सुमारे पाचशे तरुणांचा होता.

आज कोल्हापूर जिल्ह्यात सक्ती उरलेली नाही, पण शिरोळ तालुक्यातील सैनिक टाकळीसारखी गावे पिढ्यान्‌पिढ्या सैन्यात मुले देत आली आहेत, आणि अग्निवीर भरतीची १.६ किलोमीटरची धाव ठरलेल्या वेळेत मारता यावी म्हणून सतरा-अठरा वर्षांची पोरे पहाटे डांबरी रस्त्यांवर पळताना दिसतात. त्यांतील अनेक जण खासगी भरती अकादमीत राहतात, जिथे रगडा नावासकट शिल्लक आहे. ही मुले अद्याप सैनिक नाहीत, म्हणजे साठ वर्षांपूर्वीच्या छात्रांप्रमाणेच त्यांनाही कलम ४७ चा आधार नाही. म्हणून मुलाला अकादमीत घालणाऱ्या पालकांनी फीची पावती घेतानाच आणखी तीन गोष्टी लेखी मागाव्यात : सरावाच्या वेळी जबाबदार असणाऱ्या व्यक्तीचे नाव, जवळच्या दवाखान्याशी केलेली व्यवस्था, आणि दुखापतींची नोंदवही पाहण्याचा हक्क. जी अकादमी हे द्यायला का-कू करील, तिथे मुलाला ठेवू नये.